चुकलं म्हणायचं नाही

मी, श्रीमती सुलक्षणा चंद्रहास घरत, वय वर्षे अठ्ठावन्न, व्यवसाय घरगुती डबे, राहणार अल मजाज, शारजा, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने करीत आहे. मला कुणी धमकावलेलं नाही, कुणी गोड बोलून गुंडाळलेलं नाही, आणि मला गुंडाळणं सोपं असतं तर या देशात पंचवीस वर्षं धंदा झाला नसता. हृदय थकलं आहे असं डॉक्टरांचं म्हणणं आहे. डोकं थकलं आहे असं अजून कुणी म्हटलेलं नाही.

मसुद्याचं काम श्री. विलास देवरुखकर यांनी केलं. इथल्या रोला चौकाजवळ त्यांचं टायपिंग सेंटर आहे आणि त्यांनी पुण्यात वकिलीची परीक्षा दिलेली आहे. ते मला म्हणाले, "वहिनी, गोष्टी लिहू नका, फक्त प्रॉपर्टी लिहा." मी म्हटलं, विलासभाऊ, गोष्टी वगळल्या तर माझ्याकडे पनवेलचा एक फ्लॅट आणि अठरा पातेली उरतात, त्याला तुमची काय गरज? तेव्हापासून ते मुकाट्याने टाइप करीत आहेत.

कलम पहिले. सासरचं गाव आणि तिथली जमीन.

माझ्या सासरच्या गावाचं नाव या कागदावर येणार नाही. तालुका पेण, जिल्हा रायगड, एवढं पुरे. माझ्या कैलासवासी यजमानांचा तिथल्या जमिनीत जो हिस्सा आहे तो सातबाऱ्यावर बघून घ्यावा. तो हिस्सा मी माझा मुलगा चिरंजीव रुपेश यास देत आहे. मात्र ती जमीन आम्हाला कशी महाग पडली ते त्याला पुन्हा एकदा वाचावं लागेल, कारण तोंडी सांगितलं की तो मोबाइल बघतो.

माझे यजमान चंद्रहास मिठागरात कामाला होते आणि गावच्या कबड्डी संघात चढाईला होते. दम त्यांच्यासारखा आख्ख्या तालुक्यात कुणाचा नव्हता. एका दमात समोरच्या अंगणात शिरायचे, दोघा-तिघांना हात लावायचे आणि मधल्या रेषेवर परत. गावाने मला असंच सांगून सून करून आणलं होतं. सामना असेल त्या दिवशी मिठागरात खाडा पडायचा. खाडा पडला की त्या दिवसाचा रोज बुडायचा. गाव त्यांना शाल द्यायचं, नारळ द्यायचं, खांद्यावर घेऊन मिरवायचं. शाल शिजवून खाता येत नाही, हे मी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं.

एके वर्षी त्यांनी गावकीत उभं राहून विचारलं, खाड्याची भरपाई मिळेल का? गावकीने उलट विचारलं, गावासाठी खेळतोस की पैशासाठी? ते उठून घरी आले. पुढच्या जत्रेला शेजारच्या गावाच्या संघातून खेळले, त्या गावाकडून पैसे घेऊन. अंतिम सामना आमच्याच गावाविरुद्ध पडला आणि ते जिंकले. दुसऱ्या दिवशी आम्हाला वाळीत टाकलं. विहीर बंद, दुकान बंद, चक्की बंद. रुपेश तेव्हा सात वर्षांचा होता. त्याच्याबरोबर खेळणाऱ्या मुलाच्या बापाला दंड झाला, म्हणून पोरं त्याला बघून पळायची. आता तो म्हणतो, मला काही आठवत नाही. बरं आहे.

कलम दुसरे. पनवेलचा फ्लॅट आणि बँकेतली रक्कम.

दोन्ही रुपेशला. कोणतीही अट नाही. विलासभाऊंनी इथे बोट थांबवून माझ्याकडे पाहिलं, कारण गेले पंधरा दिवस मी अट घालणार अट घालणार असं त्यांना सांगत होते. का घातली नाही ते कलम सहामध्ये आहे.

कलम तिसरे. स्वयंपाकघर.

सगळी पातेली, दोन शेगड्या, मिक्सर, डब्यांची चळत आणि गिऱ्हाइकं माझी भागीदार साजिदा युसुफ हिला. रुपेशच्या बायकोने यावर नाराज होऊ नये, तिला चहासुद्धा मायक्रोवेव्हमध्ये करायचा असतो. ती मुलगी चांगली आहे, माझी औषधं वेळेवर आणते, पण पातेलं हे ज्याला घासता येतं त्याचं.

साजिदा आमच्या गावाच्या खाडीपलीकडची. आमचं बोलणं एकमेकींना पहिल्यापासून कळतं, फक्त ती 'अगो' म्हणते आणि मी 'अगं'. वाळीत असताना माझ्या सासूबाई गेल्या. तिरडी बांधून झाली आणि चार माणसं नाहीत. एका बाजूला चंद्रहास. त्यांचा सख्खा धाकटा भाऊ सूर्यकांत दारात उभा, हात मागे बांधून. गावकीने त्याला सांगितलं होतं, खांदा दिलास तर तूही बाहेर. सूर्यकांतने आईला खांदा दिला नाही. खाडीपलीकडून साजिदाचे यजमान युसुफभाई आणि त्यांचे दोन चुलत भाऊ होडीने आले, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि तिरडी उचलली. स्मशानापर्यंत रस्त्याची सगळी दारं बंद होती. त्याच वर्षी युसुफभाईंनी चंद्रहासला शारजाचा व्हिसा काढून दिला आणि मागून रुपेशला घेऊन मी आले.

म्हणून पातेली साजिदाला. ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे.

कलम चौथे. दागिने.

पाटल्या आणि मोहनमाळ नात पर्णिकेला, ती वयात आल्यावर. तोवर तिच्या आईकडे ठेवाव्यात. मी दाखवल्या तेव्हा पर्णिका म्हणाली, "आजी, दे आर सो हेवी, हू वेअर्स दिस?" तुझी आजी, बाळा. एकदाच, लग्नात.

कलम पाचवे. वॉल्टरची जर्सी.

माझ्या कपाटात मलमलीत गुंडाळलेली एक जाड सुती जर्सी आहे, काळी, छातीवर तांबडा पट्टा, उजव्या खांद्यावर दोनदा शिवलेली. ही वस्तू इंग्लंडची आहे. ती माझ्याकडे कशी आली आणि तिचं काय करायचं ते लिहिते.

आमच्या मजल्यावर समोरच्या दारात एक इंग्रज इंजिनियर राहायचा, डेरेक. तो समुद्रातल्या तेलाच्या कामावर, महिना आत आणि महिना बाहेर. चंद्रहास गेल्यानंतर चार-पाच वर्षांनी त्याने आपल्या म्हाताऱ्या बापाला इथे आणलं. वॉल्टर नाव, सत्त्याऐंशी वर्षांचा, उंच, कान मुरगळून पडलेले, एक गुडघा वाकत नाही. डेरेकने मला विचारलं, बाबांना दुपारचा डबा देशील का, तिखट नको. मी होय म्हटलं. तिखट कमी केलं नाही. म्हाताऱ्याने डोळे पुसत पुसत सगळं खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी डबा न्यायला स्वतः आला.

त्याने भिंतीवर चंद्रहासचा फोटो पाहिला. चड्डीवर, अंगभर माती, मांडीवर थाप मारताना. विचारलं, हा कुठला खेळ? मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. दम धरायचा, एकट्याने पलीकडे जायचं, सात जण पकडायला टपलेले. तो हसला. म्हणाला, "सेम गेम, मिसेस. आम्ही तेरा जण असायचो."

मग मी सांगितलं की याने पैसे घेतले म्हणून गावाने टाकलं. म्हाताऱ्याचं हसणं थांबलं. त्याने विचारलं, किती घेतले? मी आकडा सांगितला. "मला थोडे जास्त मिळाले," तो म्हणाला.

त्याची हकीगत अशी. इंग्लंडच्या दक्षिणेला समुद्रकाठी त्याचं गाव. तिथे रग्बी खेळायचे, पंधरा-पंधरा जणांची, आणि ती हौशी लोकांची. खेळणाऱ्याने एक पैसा घ्यायचा नाही असा कायदा. वॉल्टर दगडाच्या खाणीत कामाला. शनिवारी सामना, शनिवारचा रोज बुडाला. संघात डॉक्टर होते, वकील होते, त्यांचं काय बुडणार? उत्तरेकडच्या कोळशाच्या गावांनी याच भांडणातून कधीच वेगळी चूल मांडली होती. त्यांची रग्बी तेरा-तेरा जणांची आणि खेळाचे पैसे रोख. वॉल्टर एकोणीस वर्षांचा असताना तिकडचा एक माणूस त्याच्या घरी आला, टेबलावर नोटा ठेवल्या, आणि वॉल्टरने सही केली.

त्याच्या गावच्या क्लबात एक फळा होता, खेळाडूंच्या नावांचा. त्यावरून त्याचं नाव काळ्या रंगाने पुसलं. आयुष्यभराची बंदी. क्लबाच्या दारात पाय ठेवायचा नाही, त्यांच्या मैदानावर उभं राहायचं नाही. सख्खा भाऊ त्याच संघात होता, त्याने बोलणं टाकलं. बाप मेला तेव्हा वॉल्टर दोन गाड्या बदलून आला, तर शवपेटी क्लबाच्या पोरांनी उचलली होती आणि त्याला म्हणाले, तू मागून चाल. मी हे ऐकलं आणि भाजी करपली. तुमच्याकडे याला काय म्हणतात, मी विचारलं. तो म्हणाला, काही म्हणत नाहीत, नुसतं करतात.

अकरा वर्षं तो तिकडे पैसे घेऊन खेळला. सकाळी कोळशाच्या खाणीत उतरायचा, दुपारी चेहरा धुऊन मैदानावर. जिंकलं तर जास्त पैसे, हरलं तर कमी, जखमी झाला तर काहीच नाही. खांद्याचं हाड दोनदा मोडलं आणि दोन्हीदा बायकोने तीच जर्सी शिवली. शेवटी गुडघा गेला आणि खेळ संपला. एवढ्या काळात त्याच्या नावाने हजारो माणसं ओरडली, पण तो मला सांगायचा ते फक्त त्या फळ्याबद्दल. काळ्या रंगाखाली आपलं नाव अजून असेल का, हे विचारायचा. मला काय माहीत? मी म्हणायचे, असेल बाबा, जेव.

१९९५ साली, उन्हाळा सरत आला असताना, डेरेक सुट्टीवर होता आणि पेपर घेऊन धावत बाहेर आला. त्या हौशी रग्बीवाल्यांनी कायदा बदलला होता. आता तेही पैसे घेणार. जुन्या बंद्या उठल्या. डेरेकने उत्साहाने त्या क्लबाला फोन लावला. दोन दिवसांनी दुपारी त्यांच्या सेक्रेटरीचा फोन आला तेव्हा मी डबा घेऊन तिथेच होते. सेक्रेटरी फार गोड बोलत होता म्हणे. नाव पुन्हा रंगवतो, तुम्ही या, आम्ही सगळं विसरलो आहोत. फक्त कमिटीच्या नोंदीसाठी तुमचा एखादा खेदाचा शब्द मिळाला तर बरं.

म्हातारा फोन धरून ताठ उभा राहिला, न वाकणाऱ्या गुडघ्यावर. म्हणाला, "आय वॉज ओन्ली अ लॅड. आय अ‍ॅम सॉरी."

फोन ठेवला आणि खुर्चीत बसला. डेरेक टाळ्या वाजवत होता. म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहून सांगितलं, "मी बोलून बसलो, मिसेस. की चूक होती. नव्हती." त्या दिवशी त्याने डबा उघडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. इंग्लंडचं तिकीट आलं त्याच्या आदल्या दिवशी तो वारला. डेरेकने अस्थी नेऊन त्याच मैदानावर टाकल्या आणि फळ्यावर सोन्याच्या रंगात नाव लागलं, त्याचा फोटो मला पाठवला. जर्सी मात्र माझ्या दाराला टांगून गेला. बाबांनी तुला द्यायला सांगितलं होतं, असं म्हणाला.

त्यानंतर पावलं सुरू झाली.

इथली दुपार ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. दीड वाजला की शटरं खाली, रस्ते रिकामे, चार वाजेपर्यंत चिटपाखरू नाही. त्या वेळेला लिफ्टपासून माझ्या दारापर्यंत कुणीतरी चालत येतं. बुटांना खाली खिळे मारलेले असावेत असा फरशीवर आवाज, एक पाय ओढलेला. दाराशी थांबतं आणि परत फिरतं. दार उघडलं तर कुणी नाही, फक्त वॉल्टर गुडघ्याला चोळायचा त्या मलमाचा वास. साजिदालाही ऐकू येतं. ती कणीक मळता मळता म्हणते, "अगो, आला बघ तुझा गोरा," आणि ओठांतल्या ओठांत दुआ पुटपुटते. समोरच्या फ्लॅटमध्ये भाडेकरू टिकत नाहीत.

मला भीती वाटते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, इथे लिहिते. त्याची नाही वाटत, तो काय करणार बिचारा. मी सर्वपित्रीला त्याच्या नावाने गॅलरीत पान वाढलं, भरपूर तिखट घालून. शारजाच्या कावळ्यांनी क्षणात फडशा पाडला आणि दुपारी पावलं पुन्हा आली. तेव्हा मला कळलं की त्याला भूक नाही. चूक नसताना चुकलं म्हणालेल्या माणसाला पुढे जाता येत नाही. त्याने स्वतःच्या तोंडाने स्वतःला वाळीत टाकलं. मला भीती वाटते ती याची, की हे दुसऱ्या कुणाचंही होऊ शकतं.

सदर जर्सी माझ्या चितेवर माझ्या अंगावर घालावी. तीवर डेरेकचा हक्क नाही, क्लबाचा तर नाहीच.

कलम सहावे. रुपेशला विनंती.

गेल्या दिवाळीत सूर्यकांतचा गावाहून फोन आला. गावकीने ठरवलं आहे की घरतांना परत घ्यायचं. आता गावची पोरं बँकांच्या आणि कंपन्यांच्या संघांतून पगार घेऊन खेळतात आणि गावचा संघसुद्धा बाहेरून पैसे देऊन चढाईवाला आणतो. तेव्हा जुनं कशाला धरायचं? फक्त शिमग्याला रुपेशने यावं, देवळात नारळ ठेवावा आणि सगळ्यांसमोर म्हणावं, बापाचं चुकलं, पदरात घ्या.

रुपेश तयार आहे. आमचं बोलणं झालं ते जसंच्या तसं देते.

"आई, इट्स जस्ट अ फॉर्मॅलिटी. सॉरी बोलायला काय जातं? मी ऑफिसमध्ये दिवसातून दहा वेळा बोलतो. कंपनीचा अरबाब चिडला, सॉरी. क्लायंट लेट आला, तरी सॉरी मीच."

"देवळात नारळावर हात ठेवून बोलतोस का ऑफिसमध्ये?"

"पप्पा गेले, आई. त्यांना काय फरक पडतो? खलास ना."

"मग तुला कशाला पाहिजे ते गाव?"

तेव्हा तो जे बोलला ते मला अजून सलतं. "तुला होतं म्हणून तू सोडलंस. माझ्याकडे काय आहे? दर तीन वर्षांनी व्हिसाचा शिक्का. पर्णिकाला शाळेत विचारतात, व्हेअर आर यू फ्रॉम? ती अल मजाज सांगते आणि सगळे हसतात. मला एक गाव पाहिजे, आई."

हे त्याचं म्हणणं खोटं नाही. त्याचं दुःख मला कळतं आणि त्याला माझं कळत नाही. दुपारची पावलं त्याला ऐकू येत नाहीत, तो म्हणतो एसीचा कॉम्प्रेसर आहे.

मी अट घालणार होते की जो देवळात चुकलं म्हणेल त्याला फुटकी कवडी मिळणार नाही. मसुदा तयार होता. मग वाटलं, वाटा दाखवून माणसाकडून हवं ते वदवून घेणं हे तर गावकीचं काम. ते मी करणार नाही. सगळं रुपेशचंच आहे, तो काहीही बोलला तरी. मी फक्त विनवते: तुझ्या बापाने घाम गाळला आणि घामाचे पैसे मागितले. त्यात चुकलं काय ते मला पंचवीस वर्षांत सापडलेलं नाही. तू जा, देव बघ, पुरणपोळी खा, जमीन बघ. पण तो एक शब्द बोलू नको. बोललास तर तो शब्द तुझ्याबरोबर परत येईल.

कलम सातवे. माझं मयत.

इथेच दहन करावं. मला विमानाने नेऊ नये. खांदा युसुफभाई, रुपेश आणि डब्यावरच्या पोरांपैकी जे रिकामे असतील त्यांनी द्यावा. सूर्यकांत योगायोगाने इथे आलेला असेल तर त्याने बसून राहावं. ज्याने आईला खांदा दिला नाही त्याचा मला नको.

शारजा, रविवार, २ मार्च २००३.
सही: सुलक्षणा चंद्रहास घरत
साक्षीदार: विलास मोरेश्वर देवरुखकर. हसन, साजिदाचा पुतण्या, वाचून दाखवल्यावर सही केली.

पुरवणी

वरील मृत्युपत्राला ही पुरवणी मी त्याच मर्जीने जोडत आहे. आज प्रकृती तेव्हापेक्षा वाईट आहे आणि मर्जी तेव्हापेक्षा पक्की.

रुपेश शिमग्याला गेला होता. विमानं उडतात की नाही अशी परिस्थिती होती, टीव्हीवर रात्रंदिवस बगदाद, तरी गेला. मी दिलेली मृत्युपत्राची प्रत त्याने विमानात वाचली, असं तो सांगतो. तरी देवळात नारळावर हात ठेवून तो बोलला. म्हणतो, सगळं गाव बसलेलं होतं, ढोल थांबला होता, सूर्यकांतकाका रडत होते, आणि तोंडातून ते गेलं. त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं. शाल दिली, नारळ दिला. ती शाल त्याने माझ्या पायांवर घातली आणि मी ती घडी करून बाजूला ठेवली. मी त्याला काहीही बोलले नाही. साजिदा साक्षीला आहे.

परतल्यावर पहिल्या शुक्रवारी तो जेवायला आला. मांदेलीचं कालवण केलं होतं. दोन घास खाऊन त्याने हात थांबवला.

"आई, एसी बंद कर जरा."

मी एसी बंद केला. त्याने मान वळवली, गॅलरीकडे नाही, लिफ्टकडे नाही, हॉलच्या मधोमध, जिथे लहानपणी गालिचा बाजूला सारून चंद्रहास त्याला दम धरायला शिकवायचे. मलाही ऐकू आलं तेव्हाच. एका दमात, हलक्या आवाजात, न थांबता, कबड्डी कबड्डी कबड्डी.

रुपेशचा चेहरा पांढरा पडला. "पप्पांचा आवाज आहे," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "ते थांबत का नाहीत? दम संपेल ना त्यांचा."

मी म्हटलं, "चढाईला गेलेल्या माणसाने दम मधल्या रेषेपर्यंत ठेवायचा असतो. तुझ्या बापाला रेषा सापडत नाही."

तो ताटावरून उठला आणि हॉलच्या मधोमध जाऊन उभा राहिला, तेहतीस वर्षांचा माणूस, खरकट्या हाताने. "पप्पा, सॉरी," म्हणाला. आवाज थांबला नाही. थांबणार कसा, तो शब्द याच शब्दाने परत घेता येतो होय? ज्या दिवसापासून तो ऐकतोय त्या दिवसापासून जेवलेला नाही, घास तोंडाशी नेतो आणि ठेवतो. वॉल्टरचं हे असंच सुरू झालं होतं. रुपेशच्या बायकोला वाटतं त्याला कावीळ झाली.

तेव्हा मी पुढीलप्रमाणे ठरवलं आहे.

मी गावाला जात आहे. डॉक्टरांनी विमानप्रवासाला मनाई केली आहे आणि ते त्यांच्या जागी बरोबर आहेत. देवळात सगळ्यांना बोलावून मी सांगणार आहे की माझ्या मुलाने दिलेला शब्द घरतांच्या घराला मान्य नाही, तो मी परत घेते, नारळ परत देते, शालही. चंद्रहास घरत पैसे घेऊन खेळला आणि जिंकला, त्यात काही चुकलं नाही. आणि हेही सांगणार आहे की वॉल्टर नावाचा एक माणूस होता, त्याचंही चुकलं नव्हतं. गावाला तो कोण ते कळणार नाही. न कळो, ऐकतील तर खरे. आम्हाला पुन्हा वाळीत टाकतील, टाकोत बापडे.

मूळ कलम सात रद्द समजावं. मी तिथे मेले तर तिथेच जाळावं आणि चार माणसं मिळाली नाहीत तर हातगाडी करावी. लाज वाटून घेऊ नये.

हे सगळं मी काल विलासभाऊंना सांगितलं तेव्हा रुपेश खोलीत होता. मला वाटलं विरोध करील. तो म्हणाला, "दोन तिकिटं काढलीयेत मी. शब्द मी दिला, मीच परत घेणार. तू फक्त बाजूला उभी राहा." मग त्याने विलासभाऊंच्या पुढ्यातला कागद ओढला आणि साक्षीदाराच्या जागेवर बोट ठेवलं. "इथे मी सही करणार."

विलासभाऊ म्हणाले, "रुपेश, तुला नाही करता येणार. ज्याला वाटा मिळतो त्याने साक्षीला सही करू नये, उद्या कुणी अडवलं तर वाटा जाईल. मी दुसरा माणूस आणतो."

"जाऊ दे," तो म्हणाला. "पनवेलपण जाऊ दे. यात लिहिलंय ना की पप्पांचं चुकलं नव्हतं? त्याचा साक्षीदार मी आहे. दुसरा कोण आणणार तुम्ही?"

मी त्याला पुन्हा विचारलं, विचार करून बोलतोस ना? त्याने होय म्हटलं. त्यामुळे कलम एक आणि दोनमधील जमीन, फ्लॅट व बँकेतली रक्कम मी नात पर्णिका हिच्या नावे करीत आहे. त्याला मी यासाठी काही दिलेलं नाही आणि काही देऊ केलेलं नाही, हे विलासभाऊंनी मुद्दाम नोंदवावं.

शारजा, गुरुवार, १० एप्रिल २००३.

सही: सुलक्षणा चंद्रहास घरत

साक्षीदार:
१. विलास मोरेश्वर देवरुखकर
२. रुपेश चंद्रहास घरत. मुलगा. वरचं सगळं मी वाचलं. माझ्या वडिलांचं काही चुकलं नव्हतं. देवळात बोललो ते खोटं होतं. हे मी माझ्या हाताने लिहिलं आहे, माझं मराठी कच्चं आहे, पण आईला एकही अक्षर विचारलेलं नाही.